ग्राहकाचे मत आणि त्याचे वजन

२०२५ सालच्या १४ ऑक्टोबरला नगर शहरात विशेष असे काहीच घडले नाही. दिवाळी तोंडावर आली होती, कापडबाजारात गर्दी होती. करसल्लागारांच्या कचेऱ्यांत, पतसंस्थांच्या काउंटरवर आणि शाळांच्या कार्यालयांत संगणक नेहमीप्रमाणे सुरू झाले. कोठे पडदा काळा पडला नाही की कोठे यंत्र अडले नाही. तरीही त्या दिवशी अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या आपल्या संगणकप्रणालीचा नित्याचा सांभाळ थांबवला. म्हणजे असे की, त्या प्रणालीत यापुढे एखादे छिद्र सापडले आणि चोराने त्यातून हात घातला, तर ते छिद्र बुजविण्याची जबाबदारी कंपनीने आपल्या शिरावरून उतरवली. ज्यांस आणखी काही काळ संरक्षण हवे त्यांच्यासाठी वाढीव मुदतीची सोय ठेवण्यात आली. घरगुती ग्राहकाला एक वर्ष, ३० डॉलर भरून किंवा कंपनीने घातलेल्या दुसऱ्या काही अटी मान्य करून. संस्थांना पहिल्या वर्षी प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर, आणि पुढे दरवर्षी त्याच्या दुप्पट.

ज्या संगणकावर हजारो ठेवीदारांचे हिशेब आहेत, त्याचे कुलूप कालपासून जुने झाले आहे, ही वार्ता किती जणांच्या कानी गेली? ज्यांच्या कानी गेली त्यांनी काय केले? बहुतेकांनी शेजारच्या दुकानदाराला विचारले, दुकानदाराने नवा संगणक सुचविला आणि विषय तेथेच संपला. आपण वापरीत असलेल्या वस्तूच्या आयुष्याचा निर्णय आपल्याला न विचारता दूर कोठे तरी होतो, ही गोष्ट आपण पावसाप्रमाणे दैवाधीन मानू लागलो आहो. आजचा अग्रलेख आम्ही पहिल्या पानावर छापीत आहो तो या मनोवृत्तीविरुद्ध.

कंपनीची बाजू आम्ही नाकारीत नाही. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आली. तिला दहा वर्षे सांभाळ मिळाला आणि अखेरची तारीख कंपनीने पुष्कळ आधी जाहीर केली होती. कोणतीही वस्तू अनंतकाळ सांभाळावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु दहा वर्षे कोणाची? ती प्रणाली बाजारात आल्या दिवसापासून मोजलेली ती दहा वर्षे आहेत, ग्राहकाच्या पावतीवरील तारखेपासून नव्हेत. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ने यंत्राकडून विशिष्ट सुरक्षा-चिप आणि अलीकडचा प्रोसेसर यांची अपेक्षा धरली. त्यामुळे जुन्या प्रोसेसरचा, पण दुकानातून नवाकोरा म्हणून २०१९ मध्ये घेतलेला संगणक या कसोटीला उतरला नाही, आणि त्याच्या मालकाच्या पदरी सहाच वर्षे पडली. यंत्र धडधाकट आहे, टंकन होते, छपाई होते, हिशेब होतात. तथापि ते कायद्याने नव्हे, खिळखिळे होऊन नव्हे, तर एका दूरस्थ वेळापत्रकाने वृद्ध ठरले आहे. विक्रीच्या दिवशी पावतीवर 'या यंत्राचा सांभाळ अमुक तारखेपर्यंत' अशी एक ओळ लिहिली असती तर त्या ग्राहकाने दोन हजार रुपये अधिक देऊन दुसरे यंत्र घेतले असते, किंवा तेच यंत्र स्वस्त मागितले असते. त्याची फसवणूक झाली असे म्हणण्याइतपत पुरावा कोणाजवळ नसेल. परंतु त्याला पूर्ण माहिती मिळाली, असे मात्र कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकणार नाही.

आता कोणी म्हणेल की, आजच्याइतके ग्राहकाचे मत पूर्वी कधी कोणी विचारले होते काय? मोबाईल घ्या, मिक्सर घ्या, चार दिवसांत विचारणा येते : आमची वस्तू कशी वाटली? पाचपैकी किती तारे देता? बँकेचे ॲप उघडा, जेवण मागवा, रिक्षा बोलवा, प्रत्येक ठिकाणी ताऱ्यांची ओंजळ ग्राहकापुढे धरली जाते. मतांचा असा सुकाळ झाला असताना मताला वजन नाही, ही तक्रार आम्ही कशी करतो?

करतो, कारण हे मत योग्य वेळी आणि योग्य माणसाकडून विचारले जात नाही. वस्तू घरी आल्यापासून पहिल्या आठवड्यात प्रत्येक वस्तू चांगलीच असते. नव्या मोबाईलची बॅटरी पहिल्या आठवड्यात दिवसभर टिकते. तिचा खरा स्वभाव तिसऱ्या वर्षी कळतो. सर्व्हिस सेंटर आहे की नाही, सुटा भाग मिळतो की नाही, अपडेट आल्यानंतर यंत्र मंदावते की नाही, हे प्रश्न पहिल्या आठवड्यात उद्भवतच नाहीत. आणि ज्या तिसऱ्या वर्षी ते उद्भवतात, त्या वर्षी कोणीही तारे मागायला येत नाही. शिवाय हे तारे सारेच प्रामाणिक असतात असेही नाही. भाड्याने मिळणाऱ्या स्तुतीचा धंदा जगभर इतका बोकाळला की, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला खोट्या अभिप्रायांची खरेदी-विक्री निषिद्ध ठरविणारा नियम करावा लागला. तो ऑक्टोबर २०२४ पासून अंमलात आला. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. अभिप्राय देणारा माणूस खरा आहे की नाही हे पडताळावे, प्रतिकूल मत दडपू नये, पैसे देऊन मत मिळवू नये, अशी त्याची शिकवण आहे. शिकवण उत्तम; परंतु ते मानक ऐच्छिक स्वरूपात आणले गेले. चोरी न करण्याचे मानक ऐच्छिक ठेवले तर ते पाळणाऱ्यांत साधूच अधिक भरावयाचे.

मताला वजन असण्याचा काळ या जिल्ह्याने पाहिलेला आहे. १९७२ साली लूना बाजारात आली. नगरच्याच फिरोदिया घराण्यातील हस्तीमल फिरोदिया यांची ही निर्मिती, आणि तिच्या कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखाना नगर-दौंड रस्त्यावर. लहानसे पन्नास सीसीचे इंजिन, आणि पेट्रोल संपलेच तर पाय मारण्यास पेडल. शिक्षक, तलाठी, दूधवाले, परिचारिका अशा कितीतरी मध्यम स्थितीतील कुटुंबांना ते पहिले स्वयंचलित वाहन मिळाले. त्या वाहनात दोष नव्हते असे नव्हे. परंतु दोष होते ते दिसत होते. आवाज बदलला की मालकाला कळे. मालकाला न कळले तर कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला कळे. तो मेकॅनिक कंपनीचा नोकर नव्हता आणि गिऱ्हाईकाचा नातेवाईकही नव्हता. 'याचा क्लच टिकत नाही' किंवा 'ही गाडी डोळे मिटून घ्या' हे त्याचे वाक्य गल्लीभर फिरे आणि अखेरीस विक्रेत्याच्या व कारखानदाराच्या कानापर्यंत जाई. ग्राहकाच्या मताला तेव्हा वजन होते ते ग्राहक अधिक शहाणा होता म्हणून नव्हे. वस्तू उघडता येत होती, भाग मिळत होता आणि तिऱ्हाईत माणसाला परीक्षा करता येत होती, म्हणून.

आजची वस्तू बंद आहे. तिचे पाठीचे झाकण गोंदाने चिकटविलेले, तिची बॅटरी आत पुरलेली, तिचा मेंदू म्हणजे सॉफ्टवेअर, आणि त्या सॉफ्टवेअरची किल्ली कंपनीजवळ. माळीवाड्यातील हुशार कारागीर आजही मोबाईलचा पडदा अर्ध्या तासात बदलून देतो. परंतु बाहेरचा भाग बसविला म्हणून यंत्राने इशारा दाखवावा किंवा एखादी सोय बंद करावी, अशी रचना काही कंपन्यांनी केलेली आहे. म्हणजे परीक्षकाचेच हात बांधले गेले. मग उरतात ते तारे. फेब्रुवारी २०२४ मध्ये लूना विजेवर चालणारे वाहन होऊन पुन्हा बाजारात आली. त्या नावावर प्रेम असणाऱ्या नगरकरांना याचा आनंद झाला असल्यास नवल नाही. परंतु विजेवरील प्रत्येक वाहनास, मग ते कोणत्याही कंपनीचे असो, आता नवे प्रश्न विचारावे लागतील : बॅटरी किती वर्षांनी किती क्षमतेवर येईल, ती बदलण्यास काय पडेल, आणि तिचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर कोण किती वर्षे सांभाळील? यांची उत्तरे कानाने ऐकू येत नाहीत. ती कागदावरच मिळाली पाहिजेत.

येथे कायदा आपल्या साह्यास येईल अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. आपला ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ मध्ये झाला. २४ डिसेंबर हा ग्राहक दिन आपण पाळतो तो त्याच्याच स्मरणार्थ. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून आला आणि त्याने काही गोष्टी निश्चितच सुलभ केल्या. कंपनीचे कार्यालय बंगळुरास असो की गुरुग्रामास, नगरच्या रहिवाशाला आता नगरच्या जिल्हा आयोगापुढे तक्रार मांडता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास फी नाही. वकील दिलाच पाहिजे असे नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्याआधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे गाऱ्हाणे नोंदविता येते. एवढी दारे उघडी असताना आपण ती ठोठावीत नाही, हा दोष कायद्याचा नव्हे.

परंतु कायद्यातही तीन भोके आहेत, आणि ती नेमकी सॉफ्टवेअरच्या बाजूला आहेत. पहिले असे की, विनामूल्य सेवा या कायद्याच्या 'सेवा' या व्याख्येत बसत नाही. ज्या ॲपसाठी आपण रुपया दिला नाही त्याचे आपण कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच नव्हे! वास्तविक त्या ॲपला आपण आपले फोटो, आपले पत्ते, आपल्या खरेदीच्या सवयी आणि आपला वेळ देतो, आणि त्याच्याच जोरावर ती कंपनी जाहिरातदारांकडून रक्कम घेते. किंमत रोख दिली नाही म्हणून ती दिलीच नाही, असे मानणे हे वस्तुविनिमयाचा इतिहास विसरण्यासारखे आहे. ज्या गावात धान्य देऊन मडके घेतले जाई तेथे कुंभार 'मी मडके फुकट दिले' असे म्हणत नसे.

दुसरे भोक असे की, अन्यायकारक करार ही संकल्पना नव्या कायद्याने आणली खरी, पण त्याविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही. राज्य आयोगाकडे जावे लागते. म्हणजे मोबाईलमध्ये दोष असेल तर न्याय जिल्ह्याच्या ठिकाणी, परंतु मोबाईल सुरू करताना 'मान्य आहे' म्हणून ज्या चाळीस पानी करारावर आपण अंगठा टेकविला, तो करारच अन्यायकारक असेल तर वाट लांबची. चारशे रुपयांच्या वार्षिक वर्गणीसाठी ती वाट कोण चालणार? कंपन्यांना हे ठाऊक नसते असे समजण्याइतके आम्ही भोळे नाही. तिसरे भोक व्यापारी हेतूचे. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः संगणक चालविणारा छापखानेवाला ग्राहक ठरतो. परंतु पतसंस्था किंवा चार नोकर ठेवणारा दुकानदार यांच्या बाबतीत ते ग्राहक आहेत की नाहीत हाच वाद आधी उभा राहू शकतो.

या अंधारात काही दिवे आहेत, तेही सांगितले पाहिजेत. ग्राहकाला चकवून बटण दाबावयास लावणाऱ्या तेरा युक्त्यांची यादी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचनांच्या रूपाने प्रसिद्ध केली आणि त्या निषिद्ध ठरविल्या. खोटी घाई निर्माण करणे, न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणे, वर्गणी सुरू करणे सोपे पण बंद करणे दुरापास्त ठेवणे, हे सारे त्यात आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, अर्थात् मराठीतही, पाहण्याचा पर्याय दिला पाहिजे, असे हा कायदा म्हणतो. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये एक पोर्टल उघडले. वस्तू किती दुरुस्तीयोग्य आहे याचा निर्देशांक असावा, असा अहवाल त्याच्या समितीने मे २०२५ मध्ये सादर केला. फ्रान्सने असा निर्देशांक २०२१ पासूनच लागू केला होता. युरोपीय संघाने तर जून २०२५ पासून मोबाईलच्या बाबतीत बंधनच घातले : विक्री थांबल्यानंतरही पाच वर्षे अपडेट आणि सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग. तोच मोबाईल, तीच कंपनी, तोच कारखाना. पॅरिसच्या ग्राहकाला जे देणे शक्य आहे ते पाथर्डीच्या ग्राहकाला देणे अशक्य कसे असेल?

तेव्हा मागावयाचे काय? आमच्या मते मागणी साधी आणि एका ओळीची आहे : जी वस्तू सॉफ्टवेअरवर चालते तिच्या वेष्टनावर आणि पावतीवर, किमतीइतक्याच ठळक अक्षरांत, मराठीत, तीन गोष्टी छापल्या जाव्यात. अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील. सुटे भाग किती वर्षे मिळतील. आणि बॅटरी किंवा पडदा बदलण्यास कंपनी आज किती घेते. कंपनीने काय विकावे हे आम्ही सांगत नाही. ती जे विकते त्याचे वय सांगावे, एवढेच म्हणतो. औषधाच्या बाटलीवर मुदत छापणे सक्तीचे केले म्हणून औषधांचे कारखाने बुडाले नाहीत.

माहिती मागण्याची ही भाषा या जिल्ह्याला नवी नाही. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी माहितीच्या हक्कासाठी जे आंदोलन चालविले, त्याचा राज्याच्या २००२ च्या व पुढे देशाच्या २००५ च्या कायद्याच्या इतिहासात वाटा आहे. त्या वेळी प्रश्न सरकारी कचेरीतील फाइलीचा होता. आज नागरिकाच्या आयुष्यावर जेवढी सत्ता तालुका कचेरीची आहे, जवळजवळ तेवढीच त्याच्या खिशातील यंत्रामागे असलेल्या कंपनीची आहे. सत्ता हलली असेल तर माहिती मागणाऱ्याची नजरही हलावयास हवी.

आणि एकट्याने मागून भागत नसेल तर एकत्र कसे यावे, हेही या जिल्ह्याला शिकवावे लागू नये. एकेकटा ऊसउत्पादक व्यापाऱ्यापुढे दुबळा होता. विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साह्याने प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. त्या शेतकऱ्यांजवळ भांडवल थोडे होते. एकीच त्यांचे भांडवल झाली. ग्राहकांच्या बाजूने तोच विचार बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत स्थापून मांडला, आणि मुंबईच्या ग्राहक पंचायतीने घरोघरच्या किराण्याची सामुदायिक खरेदी करून तो संसारात उतरविला. तांदूळ-डाळीसाठी जे साधले ते संगणकासाठी का साधू नये?

आम्ही तीन कामे सुचवितो. जिल्ह्यातील पतसंस्था, शाळा आणि वाचनालये यांनी संगणक व सॉफ्टवेअर एकेकट्याने न घेता तालुकावार एकत्र मागवावे, आणि करारात सांभाळाची अखेरची तारीख लिहून घ्यावी; शंभर यंत्रांच्या मागणीपुढे विक्रेता ती लिहून देतो, एका यंत्रापुढे देत नाही. महाविद्यालयांनी व ग्राहक संघटनांनी मिळून 'तिसऱ्या वर्षाचे मत' नोंदवावे : पावती पाहून, खऱ्या मालकाला विचारून, कोणते यंत्र तीन वर्षांनी कसे चालते, दुरुस्तीस किती दिवस लागले व किती पैसे पडले. आणि वृत्तपत्रांनी, ज्यांत आम्हीही आलो, जाहिरात आणि अभिप्राय यांतील रेघ इतकी ठळक ठेवावी की घाईने वाचणाऱ्यालाही ती दिसावी. दसऱ्या-दिवाळीच्या जाहिरातींवर वृत्तपत्रांचा संसार चालतो हे खरे. परंतु वाचकाचा विश्वास गेला तर त्या जाहिरातींना तरी काय मोल उरणार?

शेवटी दोन शब्द ग्राहकास. कंपनीची निंदा करून रात्री मित्रमंडळींत मन मोकळे करणे यात समाधान आहे, परंतु ते तक्रारीचे काम करीत नाही. पावती जपा. जुनी यंत्रे आज कोणत्या प्रणालीवर चालतात ते एकदा तपासा. त्यांवर दुसऱ्यांचे पैसे किंवा दुसऱ्यांची गुपिते असतील तर ती चालढकल अक्षम्य आहे. दोष आढळला तर तो तारखेसह लिहून कळवा, आणि उत्तर आले नाही तर आयोगाची पायरी चढा. चांगली वस्तू, चांगली सेवा मिळाली तर तेही लिहून सांगा; प्रामाणिक कारखानदाराला त्याचाच आधार असतो. नावानिशी, पावतीनिशी आणि चारजणांच्या सह्यांनिशी मांडलेल्या एका मताला जे वजन येते, ते हजार ताऱ्यांना येत नाही. ते वजन टाकण्याची सवय आता या जिल्ह्यातील सुशिक्षितांनी स्वतःला लावून घेतली पाहिजे.